पंचांना विचारा : जपानच्या ‘डेथमॅच’वाल्याला गुण कशाचे द्यायचे?

प्रश्न : आण्णा, नमस्कार. मी आणि माझा मित्र मोबाईलवर जपानी डेथमॅच बघतो. डोक्यावर ट्यूबा फुटतात, काटेरी तारा, ब्लेड लावलेल्या फळ्या, सगळं असतं. मला त्यात जुन कासाई सगळ्यात भारी वाटतो. मित्र म्हणतो, अत्सुशी ओनिता नसता तर कासाईला कुत्रं विचारत नव्हतं. आणि आजोबा म्हणतात, दोघंही नुरा कुस्तीवाले, तो मोबाईल ठेव आधी खाली. तुम्ही फडात पंच होता. निकाल द्या.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : वयाचा मान म्हणून आजोबांचं आधी घेतो. कोण जिंकणार ते अगोदर ठरलेलं असतं, हे खरंच आहे. पण नुरा कुस्तीचा आपल्याला राग का येतो? इनाम लावणारा, हलगीवाला, अख्खं गाव समजतं की निकाली चाललीय, आणि दोघं आतून मिळालेले. तिथं फसवणूक आहे. तोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये तिकीट काढून बसलेल्याला हे ठरलेलं असतं ते माहीत असतं. तो ‘कोण’ बघायला येतच नाही, ‘कसं’ बघायला येतो. तेव्हा आजोबांना सांगा, ही कुस्ती नाही हे मला मान्य. नुरा मात्र म्हणू नका.

आता गुण. रक्ताला शून्य. कपाळाची कातडी पातळ, खाली लगेच हाड. जरा चिरलं की वाहतं, आणि घामात मिसळलं की आहे त्याच्या दुप्पट दिसतं. रक्त बघून जो गुण देतो त्याला पंच करू नये.

मी पंच होतो तो जत्रेपुरता. पोटाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. लूमच्या शेडमध्ये चार फुटी ट्यूबांच्या रांगाच्या रांगा, आणि शिडीवरून हातातून निसटलेल्या ट्यूबाही काही कमी नाहीत. त्यामुळं ट्यूब म्हणजे काय हे मला जरा जवळून कळतं. आत थोडा वायू आणि पाऱ्याची वाफ, दाब बाहेरच्या हवेपेक्षा फारच कमी. म्हणून फुटताना असा फाटकन आवाज येतो की बघणाऱ्याला वाटतं माणूस गेला. धक्का त्या मानानं काहीच नसतो. काच जेमतेम मिलिमीटरभर. खरी भीती तीन ठिकाणी. एक, टोकाची धातूची टोपी आणि तिच्या दोन पिना. ती कानशिलावर बसली तर कामच तमाम. दोन, आतली पांढरी पूड आणि बारीक कण डोळ्यांत जाणं. तीन, आणि हे कॅमेऱ्यात नीट येत नाही, खाली पडलेल्या चुऱ्यावर पाठ घासत जाणं.

म्हणून पुढच्या वेळी मार खाणाऱ्याकडं बघू नका, मारणाऱ्याच्या हाताकडं बघा. समोरच्यानं हनुवटी छातीला लावलीय का, डोळे मिटलेत का, हे बघून तो हात उचलतो का? ट्यूबचा मधला भाग बरोबर बसवतो का, की टोपीच आपटतो? फडात मान अडकलेली दिसली की आम्ही शिट्टी मारून कुस्ती सोडवायचो. इथं ते काम मारणाऱ्यालाच करावं लागतं, तेही हजारभर माणसं ‘मार, मार’ ओरडत असताना. ज्याच्याशी लढून गेलेले जोडीदार पुन्हा त्याच्याशीच लढायला तयार होतात, तो भारी. माझं मोजमाप एवढंच.

या मापानं ओनिता बघा. तो ऑल जपान नावाच्या कुस्ती कंपनीत, तिचा मालक-पैलवान जायंट बाबाच्या हाताखाली तयार झालेला. 1983 ला गुडघा गेला, 1985 ला निवृत्ती. 1989 ला स्वतःची कुस्ती कंपनी काढली, एफएमडब्ल्यू. पाय गेलेल्या माणसाकडं डाव किती राहणार? त्यानं डावाच्या जागी काटेरी तार आणली आणि तारेला स्फोटकं लावली. 4 ऑगस्ट 1990 ला तोकियोत शिओदोमेला टार्झन गोतो या पैलवानाबरोबर पहिली स्फोटक तारेची लढत झाली, आणि त्या वर्षी तोकियो स्पोर्ट्स या वर्तमानपत्रानं ओनिताला वर्षाचा सर्वोत्तम पैलवान ठरवलं. पुढं 5 मे 1993 ला कावासाकी स्टेडियमवर तसलीच लढत अमेरिकेच्या टेरी फंकबरोबर. हे सोपं वाटत असेल तर अमेरिकेत 2021 च्या मार्चमध्ये ओमेगा आणि मॉक्सली या पैलवानांच्या स्फोटक तारेच्या लढतीत शेवटचा मोठा स्फोट कसा झाला ते बघा. फुलबाज्या पेटल्यासारखं फुर्रर्र झालं आणि संपलं. धूर कधी, आवाज कधी, माणूस कधी कोसळायचा, हे जमवणं ही ओनिताची विद्या. त्यात माईक हातात घेऊन रडणं आलं, आणि 2001 ला खासदारकीसुद्धा. निवृत्त होऊन परत येणं तर इतक्यांदा की त्याच्या निरोपाला हार आणू नये. फड लावणारा म्हणून पैकीच्या पैकी. पैलवान म्हणून मी त्याला पासापुरतेच देईन.

कासाई वेगळा. 1974 चा जन्म, होक्काइदोतल्या ओबिहिरोचा, 1998 ला बिग जपान या डेथमॅचवाल्या कंपनीतून सुरुवात. जखमांच्या वणांनी भरलेली पाठ बघितलीत ना त्याची? पण ती पाठ मी गुणांत धरत नाही. धरतो ते त्याचं थांबणं. ब्लेडची फळी कोपऱ्यात उभी करून ठेवायची आणि मग तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. साधी पकड, साधी धरपकड, गॉगल डोळ्यांवर चढवायचा, लोकांना हसवायचं. लोक हसतात, पण त्यांचा एक डोळा त्या फळीवरच असतो. 20 नोव्हेंबर 2009 ला र्‍युजी इतोबरोबर कोराकुएनला ब्लेडच्या फळ्या आणि ट्यूबांची लढत झाली, तिला तोकियो स्पोर्ट्सनं त्या वर्षीची सर्वोत्तम लढत ठरवलं. सगळ्या प्रकारच्या लढतींत, लक्षात घ्या, नुसत्या डेथमॅचमध्ये नव्हे. ती लढत आवाज बंद करून बघा. मग कळेल की हा माणूस काचेच्या जिवावर उभा नाही. माकडचेष्टा मात्र कधीकधी लांबवतो, तिथं मी अर्धा गुण कापतो.

तेव्हा तुमचा मित्रही खरा आणि तुम्हीही, पण वेगवेगळ्या कागदावर. पैलवान म्हणून जोड कासाईच्या बाजूनं सोडतो.

पिरान्हा माशांची टाकी ठेवलेली 1996 ची, मात्सुनागा या डेथमॅचवाल्याची लढतही कुणीतरी तुम्हाला पाठवेलच. ती बघून हसा आणि सोडून द्या. मात्सुनागानं पुढं तोकियोत स्टेकचं हॉटेल काढलं, ते जास्त डोक्याचं काम.

प्रश्न : आपल्या मोहोळचा सिकंदर शेख आणि हा कासाई, लावली जोड तर?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : मातीत लावा किंवा मॅटवर, सिकंदरच. 2023 ला फुलगावला महाराष्ट्र केसरीच्या फायनलला शिवराज राक्षेसारख्या गड्याला त्यानं अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं. पन्नाशी ओलांडलेल्या कासाईला तो किती वेळ देईल? असले प्रश्न पोस्टकार्डावर पाठवत जा, पाकिटाचे पैसे वाचतील.

प्रश्न : माझा पुतण्या गच्चीवर जुन्या ट्यूबा जमवतोय. मित्रांबरोबर व्हिडिओ करणार म्हणतो. किती धोका आहे?
— काकू, बार्शी

उत्तर : काकू, आजच्या आज खाली आणा, पण त्याच्या हातानं नको. एक फुटलीच तर दारं-खिडक्या उघडून सगळे बाहेर या, पंधरा मिनिटं तिकडं फिरकू नका. केरसुणी आणि व्हॅक्यूम नकोच, पूड उडते. हातात मोजे घालून जाड पुठ्ठ्यानं काच गोळा करा, राहिलेली पूड ओल्या फडक्यानं टिपा, फडक्यासकट झाकणाच्या बरणीत भरा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घंटागाडीवाल्याला वेगळी दाखवून द्या. पुतण्याला सांगा, पाऱ्यावरच्या मिनामाता करारानुसार 2027 च्या अखेरीस या ट्यूबा बनवणंच बंद व्हायचंय, आणि मिनामाता हे गाव जपानचंच. तिथल्या डेथमॅचवाल्यांनाही दुसरं काहीतरी शोधावं लागणार आहे. एलईडी फोडून बघू म्हणाला तर आधी बघा, काचेची असेल तर तीही नकोच. प्लास्टिकची असेल तर फोडू दे एक, तसला फाटकन आवाजही येत नाही.