जुन्या विज्ञानकथा आणि राक्षसांची कॉमिक्स: रंगीत खंड घ्यावेत की कृष्णधवल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९५०-६०च्या अमेरिकन विज्ञानकथा आणि राक्षसांच्या कॉमिक्सचे संग्रह घ्यायचेत, त्याच कथा वेगवेगळ्या प्रकाशकांच्या खंडांत दिसतात आणि बजेट बेताचं आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे. ईसीच्या (ईसी कॉमिक्स, त्या काळची अमेरिकन प्रकाशन संस्था) विज्ञानकथा कृष्णधवल घ्या, मार्व्हलचे राक्षस रंगीत घ्या.

ईसीची 'वीअर्ड सायन्स' आणि 'वीअर्ड फँटसी' ही दोन मासिकं १९५० साली सुरू झाली. प्रत्येकाचे २२ अंक निघाले. प्रकाशक बिल गेन्सनं मूळ चित्रांची पानं जपून ठेवली. त्या काळी बहुतेक ठिकाणी ती फेकून देत, म्हणून हे फार मोठं काम. त्यामुळे आजचा प्रकाशक जुन्या छापील अंकावरून नव्हे, तर मूळ शाईकामावरून छापू शकतो. त्या वेळच्या रद्दीछाप कागदावर शाई पसरायची, रंग रेषेबाहेर सरकायचे आणि वॉली वुडसारख्या चित्रकाराच्या बारीक रेषा त्यात बुडून जायच्या.

फँटाग्राफिक्स या प्रकाशकानं २०१२ पासून एका चित्रकाराचा एक खंड अशी कृष्णधवल मालिका काढली आहे. त्यातला वुडचा 'स्पॉन ऑफ मार्स' पहिला घ्या. (त्याचाच 'केम द डॉन' चुकून उचलू नका, तो मुख्यतः गुन्हे आणि थरारकथांचा आहे.) वुडच्या यानाची एखादी केबिन सावकाश बघा. भिंतभर नळ्या, तबकड्या, लोंबणाऱ्या वायरी, खालून चेहऱ्यावर येणारा उजेड. एवढं सगळं भरूनही नजर नेमकी माणसावरच जाते. आणि हे त्यानं उरलेल्या जागेत काढलंय, हे लक्षात घ्या. संपादक-लेखक अल फेल्डस्टाइन संहिता थेट चित्राच्या बोर्डावर लिहायचा, मग यंत्राच्या साच्यानं अक्षरं चढायची आणि त्यानंतर बोर्ड चित्रकाराच्या हाती पडायचा. म्हणून चौकटीचा वरचा भाग मजकुरानं गच्च असतो. पहिल्या दोन-तीन कथांत हे जड जाईल, पण मजकूर गाळून पुढे जाऊ नका, कारण कथेची कलाटणी त्यातच पेरलेली असते.

इंद्रजाल कॉमिक्समधून फ्लॅश गॉर्डन मराठीत वाचलेल्यांनी याच मालिकेतला अल विल्यमसनचा '५० गर्ल्स ५०' जरूर बघावा. फ्लॅश गॉर्डनचा जनक अ‍ॅलेक्स रेमंड हे त्याचं दैवत होतं आणि पुढे त्यानं स्वतःही फ्लॅश गॉर्डन काढला.

ईसी कृष्णधवल घ्या, या नियमाला माझ्या लेखी एक अपवाद आहे: 'जजमेंट डे', 'वीअर्ड फँटसी'च्या १८व्या अंकातली, जो ऑर्लँडोनं काढलेली कथा. पृथ्वीवरचा निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात, आतली यंत्रणा मात्र दोघांचीही तीच. इथे रंग हाच विषय असल्यामुळे ती रंगात वाचायला हवी. शेवटच्या चौकटीत निरीक्षक शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचं दिसतं. १९५४ साली कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्समध्ये काय छापावं याची प्रकाशकांनीच घातलेली नियमावली, आला. त्यानंतर हीच कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कोडच्या प्रमुखानं त्या माणसाचा वर्ण बदलायला सांगितलं. गेन्स आणि फेल्डस्टाइन यांनी साफ नकार दिला आणि १९५६ साली ती 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन'मध्ये आहे तशी छापली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक. या लोकांबद्दल मला वाटणाऱ्या आदराचं निम्मं कारण ही एकच चौकट आहे.

रंगीत ईसीसाठी डार्क हॉर्स या प्रकाशकाचे 'ईसी आर्काइव्ज' आहेत, आता पेपरबॅकमध्येही मिळतात. रंग संगणकावर नव्यानं भरलेत. मूळ रंग मेरी सेव्हरिनचे, सपाट आणि धीट; इथे कित्येक चेहऱ्यांवर गुळगुळीत छटा चढवल्या आहेत. मला ते खटकतं, पण अंक क्रमानं वाचायला हाच सोयीचा मार्ग.

राक्षसांचं गणित उलटं. ते काढणाऱ्या जॅक कर्बीची रेघ जाड, आकार अवाढव्य, रंग त्यात बुडवत नाही, उलट उठाव देतो. मार्व्हलनं २०१७ साली 'मॉन्स्टरबस'चे दोन खंड काढले, तेच घ्या. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' चित्रपटांमुळे घरोघरी पोचलेला ग्रूट इथे १९६० सालच्या मूळ रूपात भेटतो: पृथ्वीवरचं अख्खं गाव उचलून न्यायला आलेला लाकडी राक्षस. त्याला हरवतो एक शास्त्रज्ञ, वाळवी सोडून! बहुतेक कथांचा साचा हाच, म्हणून एका बैठकीत दोनच वाचा. हे खंड वाचून १९६१च्या 'फँटॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ बघा, जमिनीतून वर येणारा तो राक्षस कुठून आला ते लगेच कळेल.

मात्र 'मॉन्स्टरबस' कर्बीपुरता आहे. या राक्षसकथा ज्या मासिकांत येत, त्यांच्याच मागच्या पानांवर येणाऱ्या स्टीव्ह डिट्कोच्या पाच-पाच पानी, गूढ आणि फार सुंदर कथा त्यात नाहीत. डिट्कोसाठी 'अमेझिंग फँटसी'चा ओम्निबस (अनेक अंकांचा एकत्र जाडजूड खंड) शोधा.

आपल्याकडच्या दमट हवेत हे जड खंड कपाटात आडवे ठेवा, उभे ठेवले की पानांच्या वजनानं पुठ्ठ्याचा कणा सुटतो. आणि यातलं काही संपलेलं दिसलं तर दुप्पट-तिप्पट किमतीला लगेच घेऊ नका. मार्व्हल आपले ओम्निबस पुष्कळदा पुन्हा छापतं. तोवर डिजिटल आवृत्तीवर वाचा, वुडचा खंड मात्र कागदावरच.