गेज दुरुस्त करायचा की नवा मागायचा? आधी तारीख बघा

इचलकरंजीच्या एका वाचकाने गाडीला बाहेरून एअर-फ्युएल रेशो गेज (इंजिनात जाणाऱ्या हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा मीटर) बसवून घेतला, सेन्सर आणि मजुरी धरून 26 हजारांना. वर्षाच्या वॉरंटीत असतानाच आकडा 10 वर चिकटला. दुकानदार म्हणतो दुरुस्त करून देतो, यांना नवाच हवा. इन्व्हर्टर आणि डॅशकॅमवरूनही अशीच पत्रं येतात, म्हणून उत्तर इथे देतो.

वॉरंटी कार्डाचा फोटो पाठवलात, पण ते वाचलंत का? तळाशी बारीक अक्षरांत आहे: सेन्सर हा झिजणारा भाग, वॉरंटीबाहेर, इतर दोषांत दुरुस्ती किंवा बदली कंपनी ठरवेल. म्हणजे निवड तुमच्या हातात नाहीच. मारुतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली हेच धरलं होतं: कार्डात सदोष भाग बदलून देण्याची हमी आहे, म्हणून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. दुकानदाराने दुरुस्तीचे दोन प्रयत्न करूनही बिघाड कायम राहिला, तर नव्याची मागणी जोर धरते.

तेव्हा आधी बिघडलंय काय ते ठरवा. त्याच जातीचा चालू सेन्सर लावून बघा. आकडा हलायला लागला तर दोष सेन्सरचा; नवा सेन्सर घ्या आणि भांडण सोडा. तरीही 10 वरच राहिला तर दोष गेजचा. ही तपासणी गॅरेजच्या जॉबकार्डवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. गेजची डबी मात्र कुणालाही उघडू देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 खाली ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. उघडलेल्या डबीवर समोरचा वकील पहिलं बोट ठेवेल.

आता खरी अडचण. बिघाड होऊन 22 महिने झाले आणि तुमच्याकडे पुरावा काय, तर 'सर, बघता का जरा' असे 11 व्हॉट्सॲप निरोप! कलम 69 प्रमाणे तक्रारीची मुदत दोन वर्षं. निरोपांनी ती वाढत नाही, माझ्या नोटिशीनेही वाढणार नाही. दुकानदाराने टाळाटाळ केली त्या दिवसापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल, विलंब माफीचा अर्जही आहे. पण त्या भरवशावर मी अशिलाला ठेवत नाही. जॉबकार्डवर दोष गेजचा निघाला की लगेच ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर तक्रार भरा, दुकानदार आणि कंपनी दोघांना विरुद्ध पक्ष करून. दुकान पुण्याचं असलं तरी तुम्ही राहता तिथला, म्हणजे कोल्हापूरचा जिल्हा आयोग चालतो, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

निकालाचं विचाराल तर कायदा तीन महिने म्हणतो, तपासणी असल्यास पाच. माझ्या कपाटातल्या फायलींनी अजून तो कायदा वाचलेला दिसत नाही.

इंजिन रिच (म्हणजे जास्त इंधनावर) चाललं, प्लग काळे पडले, त्याचे 40 हजार मागायचे का? इथे मी सावध आहे. गेज फक्त दाखवतो, मिश्रण ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. गेजमधून ईसीयूला सिग्नलची वायर दिली असेल तर गोष्ट वेगळी. जोडणीचा फोटो पाठवा, मग बोलू.