पाइनचं लाकूड घरातल्या स्टोव्हमध्ये जाळलं तर चिमणी खरंच पेटते का?

जाळा बिनधास्त, फक्त ते पूर्ण वाळलेलं पाहिजे. पाइनमध्ये राळ असते म्हणून चिमणीत डांबर साचतं असं जे तुम्हाला सांगितलंय ते मलाही खूप जणांनी सांगितलं होतं, पण राळ गरम आगीत छान जळून जाते हो. घाण होते ती ओलाव्यामुळे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच जाते, आग थंड पडते आणि न जळलेला धूर वर जाऊन पाइपला चिकटतो, तेच क्रिओसोट, आणि पेट घेतं ते तेच.

मी पहिल्या हिवाळ्यात पाइनला हातच लावला नाही, सगळा ओक आणला. पण तो फोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले (ओकला दोन वर्षं तरी लागतात), त्यात रात्रभर टिकावं म्हणून मी हवेची झडप जवळपास बंद करून झोपायचो. सीझन संपल्यावर चिमणी साफ करायला घेतली तर आत काळा चकचकीत काचेसारखा थर, ब्रश नुसता घसरत होता त्यावरून. आता सुकं पाइन जाळतो तर ब्रश मारला की कोरडी भुकटी पडते, बस.

पाइन किंवा स्प्रूस (पाइनसारखंच सूचिपर्णी झाड) फोडून, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून रचलं तर सहा महिने ते वर्षभरात वाळतं. लाकडातला ओलावा मोजायचं मीटर असेल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला लावा, बाहेरून लावलं तर फसाल, ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं टणटण वाजतं, ओलं थप्प करतं.

वजनाला वजन धरलं तर उष्णता साधारण ओकइतकीच मिळते, पण लाकूड हलकं असल्यामुळे पटकन संपतं, सारखं घालत बसावं लागतं. म्हणून स्टोव्ह गच्च भरून झडप बंद करायचा मोह होतो, तो प्लीज टाळा. थोडं थोडं घाला, ज्वाळा मोकळी राहू द्या, रात्रीसाठी कठीण लाकडाचे दोन-तीन ओंडके वेगळे ठेवा. रंगवलेलं किंवा केमिकल मारलेलं लाकूड मात्र अजिबात नको.

चिमणी वर्षातून एकदा तरी साफ करायचीच, लाकूड कुठलंही असो. आणि कधी पाइपमधून विमान जातंय असा घरघराट आला तर स्टोव्हची हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला फोन लावा.