एफडी मोडा, पण प्रिंटरसाठी नाही

नमस्कार दादा, तुमचा मेल दोनदा वाचला, एकदा आकडे बघायला आणि एकदा नुसते फोटो बघायला. तुमच्या छोट्या मॉडेल गाडीतलं तांदळाच्या दाण्याहून लहान सीटबेल्टचं बक्कल, ते पण फोटोएचमधून (म्हणजे कोरलेल्या पातळ पत्र्यातून) कापून पट्टीत ओवलेलं, हे बघितल्यावर तुमच्या कामाबद्दल मला काही शंका नाही, शंका आहे ती हिशोबाबद्दल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा भोसरीला राहतात, चाकणला टूलरूममध्ये, म्हणजे साचे-डाय बनतात तिथे, नोकरी, हातात महिन्याला 68 हजार येतात, त्यातून फ्लॅटचा हप्ता 23,500, घरखर्च 28 हजार, एसआयपी 5 हजार. मुलगी पाच वर्षांची. सहा वर्षांपासून 1/24 स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, मॉडेल गाड्या बनवतायत, गेल्या 14 महिन्यांत चार विकल्या. आता त्यांना लोकांच्या जुन्या गाड्या, म्हणजे पद्मिनी, मारुती 800, ॲम्बेसेडर, ऑर्डरप्रमाणे बनवून द्यायच्यात आणि त्यासाठी 2 लाख 40 हजारांची एफडी मोडायचीय: रंग फवारायचा एअरब्रश आणि त्याचा कंप्रेसर 18 हजार, स्प्रे बूथ 14, रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आणि प्रिंट धुवून कडक करायचं वॉश-क्युअर मशीन 52, लॅपटॉप 70, रंग-मटेरियल 30 आणि उरलेले 56 हजार नवीन किट्सना, म्हणजे सुटे भाग जोडून गाडी बनवायच्या डब्यांना. प्रश्न एवढाच, मोडू का?

दादा, तुम्ही टूलरूमवाले. तुमच्याकडे प्रत्येक मशीनचा तासाचा रेट ठरलेला असतो, कोटेशन त्यावरच जातं. मग घरी टेबलावर बसलात की स्वतःच्या हाताचा रेट शून्य कसा धरता? तुमचेच आकडे घेतो. चार गाड्यांचे मिळून 31 हजार आले, किट, रंग, डीकल्स (गाडीवर चिकटवायची छापील चित्रं-अक्षरं), फोटोएच यात 13,400 गेले, पॅकिंग-कुरियर 2,100, राहिले 15,500. एका गाडीला 45 ते 50 तास म्हणता आणि नागपूरची गाडी परत आली तिची दुरुस्ती धरली तर एकूण 200 तास होतात. म्हणजे तासाला साधारण 78 रुपये. नोकरीत तुम्हाला तासाला 300 च्या आसपास पडतात. आणि 14 महिन्यांत 15,500 म्हणजे महिन्याला जेमतेम 1,100, या वेगाने 2 लाख 40 हजार वसूल व्हायला 18 वर्षं लागतील, तोवर मुलीचं कॉलेज पण आटपलं असेल.

तुम्ही म्हणाल मशीन आलं की वेग वाढेल. एअरब्रशने वाढेल, मान्य, सर्फेसर (रंगाखालचा अस्तराचा थर) आणि बेस कोट एकसारखा बसला की घासायचं काम कमी होतं. प्रिंटरने मात्र उलटं होईल असं मला वाटतं. पद्मिनीचा मनासारखा किट मिळत नाही म्हणून बॉडी स्वतः प्रिंट करणार, ठीक, कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, तुम्हाला येतं हे तर उत्तमच, पण ती साधारण सोळा सेंटिमीटरची बॉडी निघाली की सपोर्टच्या काड्या काढा, धुवा, क्युअर करा, लेयरच्या रेषा पॉलिशपेपरने घालवा, आणि हे सगळं वन बीएचकेमध्ये, जिथे पाच वर्षांची पोरगी फिरतेय. कच्चं रेझिन आणि लॅकर थिनर या घरात झोपायच्या खोलीशेजारी ठेवायच्या गोष्टी नाहीत. तुमच्या कंपनीत हीट ट्रीटमेंट बाहेर पाठवतात ना? तसंच करा, फाईल तुमची, प्रिंट पुण्यातल्या एखाद्या जॉबवाल्याकडून. लॅपटॉपचं तर मी बोलतच नाही, तो हौसेच्या बिलात कसा शिरला ते तुम्हालाही माहितीय.

आता मेलच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कार्डावर 38 हजार बाकी आहेत, सगळे किट्सचे, आणि दर महिन्याला मिनिमम ड्यू भरताय. दादा, खरा प्रश्न हा आहे! साडेतीन टक्के महिना धरला तरी 1,330 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 1,570. गाड्या विकून 1,100 येतात आणि कार्डाला 1,570 जातात. वर बाकी ठेवली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. त्यामुळे एफडी मोडाच, पण फक्त 38 हजारांपुरती, कार्ड शून्य करा. बँक तेवढीच रक्कम काढू देते का विचारा, नाहीतर मोडून उरलेल्याची परत करा, पेनल्टी थोडी जाईल ती जाऊ दे.

उरलेल्या 2 लाखांना हात लावू नका. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 51,500 होतात, सहा महिन्यांचा साठा हवा तर 3 लाखांच्या वर लागतो, आणि तुमच्याकडे तो आधीच कमी आहे. ऑटो लाईनमध्ये ओव्हरटाईम कधी बंद होईल सांगता येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

मग कंप्रेसर कशातून? कपाटातल्या 31 बंद किट्समधून. तुम्ही त्यांना गुंतवणूक म्हणता, मी म्हणत नाही. डीकल्स पिवळी पडतात, तडकतात, आणि विकायला गेलं की घेणारे मोजकेच. ज्या तुम्ही पुढच्या दोन वर्षांत बनवणार नाही अशा दहा-बारा काढा. असे किट खेळण्यांतच धरले जातात, आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70, त्यामुळे बाहेरून आलेल्या बंद किटला आत्ता बरा भाव मिळतो, कोणी घेत असेल तर देऊन टाका.

पद्मिनीच्या मागणीबद्दल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षं भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळेच हळवे झाले होते, मी पण, माझ्या काकांची टॅक्सी होती. पण फोटोला बदाम देणारा वेगळा आणि ॲडव्हान्स देणारा वेगळा. भाव तुम्ही म्हणता तसा 9 हजार नाही, 18 हजार सांगा, निम्मे आधी घ्या, आणि तीन जण पैसे टाकतात का बघा. तिघं आले तर आपण परत बोलू. कोणीच नाही आलं तर महिन्याला 3 हजार छंदाचे म्हणून बाजूला ठेवा, आणि मजेत बनवा, विकायची सक्ती कशाला.

एक गाडी बंगळुरूला पाठवलीत ना, दुसऱ्या राज्यात माल विकला की उलाढाल छोटी असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, तेव्हा तूर्तास महाराष्ट्रातच विका आणि सीएला विचारून घ्या. आलेले पैसे रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायचे, तेव्हा नेहमीचा आयटीआर 1 चालणार नाही.

आणि नागपूरच्या गाडीची काच पांढरी का पडली ते माझ्या भाच्याला फोटो दाखवून विचारलं, तो पण यातलाच. म्हणाला सुपरग्लूच्या वाफेने, काचेला पांढरा पीव्हीए ग्लू लावायचा. तुमचे 12 तास आणि जाता-येताचं कुरियर त्यातच गेलं, तेव्हा तासांच्या वहीत "दुरुस्ती" असा वेगळा रकाना आखा आणि पहिल्या ऑर्डरनंतर ते पान मला पाठवा.