स्कॅनर नंतर, आधी दाखलनोंद वही

प्रश्न : आमचं कृषी महाविद्यालय अमरावती जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासूनही आत आहे. वऱ्हाडातल्या शेतीवरची जुनी पुस्तकं, अहवाल, हाताने लिहिलेली रजिस्टरं अशी एक अख्खी खोली आमच्याकडे भरून आहे. बरंचसं एका जुन्या शेतकी अधिकाऱ्याच्या घरून देणगीत आलेलं. यंदा ग्रंथालयाच्या आधुनिकीकरणासाठी निधी मिळालाय. सचिव साहेब म्हणतात, सगळं स्कॅन करा, बारकोड लावा, लाकडी आलमाऱ्या न् कार्डांचे खण रद्दीत काढा. एक निवृत्त प्राध्यापक रोज येऊन बजावतात, एका कागदालाही हात लावू नका. मी नवीन आणि एकटीच ग्रंथपाल. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : ताई, दोघांनाही चहा पाजा आणि तूर्त दोघांचंही ऐकू नका. निधी आला की मार्चच्या आत संपवायची घाई सुटते आणि स्कॅनिंगवाला दारात उभा राहतो. त्याला थांबवा. आधी दाखलनोंद वही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदवायची वही, काढा. माझी सारी नोकरी दर्यापूर-अंजनगावच्या पट्ट्यात गेली. तिथे मी पाहिलं की कुठलं पुस्तक कुणाकडून, केव्हा आलं हे त्या वहीइतकं कोणालाच ठाऊक नसतं. देणगीच्या नोंदींवर पेन्सिलीने खूण करा. मग त्या खोलीत बसून एकेक वस्तू हातात घ्या आणि एवढंच बघा : हे आणखी कुठे मिळतं का?

लायलचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ), अकोला-बुलढाण्याची १९१० ची जिल्हा गॅझेटियरं, रसेल-हिरालाल यांचे १९१६ चे जाती-जमातींचे खंड तुमच्याकडे असतीलच. मोलाची पुस्तकं आहेत, पण त्यांच्या स्कॅनिंगवर एक रुपया घालू नका. ती केव्हाच नेटवर आली आहेत. पुसून नीट उभी ठेवा, झालं.

पैसा घाला तो प्रक्षेत्राच्या, म्हणजे प्रयोगाच्या शेताच्या, वह्यांवर. पावसाचं रजिस्टर, पेरणीच्या तारखा, कुठल्या तुकड्यात कुठलं वाण लावलं, किती कापूस निघाला, असलं सगळं. व्हेरम, जरीला, बुरी ही कापसाच्या जुन्या वाणांची नावं आता शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक नाहीत. २००२ मध्ये बीटी या जनुक बदललेल्या कपाशीला मंजुरी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत शिवारं तिनेच भरली. आज जुन्या कापसावर काम करणारा विद्यार्थी विचारतो, हलक्या जमिनीत, पावसाचा खंड पडल्यावर ही वाणं कशी टिकायची? त्याचं उत्तर छापील पुस्तकात क्वचितच असतं. ते अशा वहीच्या समासात, कुणा फार्म मॅनेजरने दोन ओळींत खरडलेलं असतं. म्हणून समासातलं खोडरबराने ‘साफ’ करणाऱ्या उत्साही मदतनीसावर लक्ष ठेवा! हस्ताक्षर संगणकाला धड वाचता येत नाही, तेव्हा स्कॅन झाल्यावर पावसाचे आकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून तक्त्यात भरून घ्या. जुन्या पानांवर पाऊस इंचांत आहे. मिलिमीटरचा रकाना वेगळा करा, मूळ आकडा बदलू नका.

स्कॅनिंगवाल्याच्या कार्यादेशात पहिली अट लिहा : शिवण उसवायची नाही, पुठ्ठा कापायचा नाही. काम भराभर उरकावं म्हणून हे लोक पुस्तकाचा कणाच कापून सुटी पानं मशीनमध्ये सोडतात. पुस्तक अर्धवट उघडं ठेवून वरून फोटो घेणारा स्कॅनर मागा. ३०० डीपीआयच्या (एका इंचातले ठिपके) खाली नको, बारीक अक्षराला ४०० घ्या. मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात ठेवा, वाचकांसाठी पीडीएफ करा. या फाइलींची एक प्रत महाविद्यालयाबाहेर, दुसऱ्या गावी ठेवा.

स्कॅन केलं म्हणजे नेटवर टाकता येतं असं मात्र नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. लेखक १९६४ साली गेले असतील तर पुस्तक १ जानेवारी २०२५ पासून मोकळं. जे मोकळं नाही, त्याची छापील प्रत ग्रंथालयात असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना आहे. महाविद्यालयाचं ग्रंथालय त्यात बसतं का, ते संस्थेच्या वकिलांना विचारा.

आता संगणक. ग्रंथालयाच्या नोंदी ठेवायला मी ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर सुचवेन. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने ते २००० साली सर्वांना मोफत खुलं केलं. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, बसवून देणाऱ्याला मात्र द्यावे लागतात. कोणतंही घ्या, पण सगळ्या नोंदी मार्क-२१ मध्ये, म्हणजे ग्रंथालयांच्या सामाईक नोंद-साच्यात, बाहेर काढता येतात की नाही, ते समोर बसून करून दाखवायला लावा. आमच्याकडे एका संस्थेत कंपनी गायब झाली आणि साऱ्या नोंदी तिच्याच प्रोग्रॅममध्ये अडकून पडल्या. मराठी नावं युनिकोड देवनागरीतच टाका. ती रोमन लिपीत टाकली की ‘कापूस’ चार स्पेलिंगांत विखुरतो. विषयाच्या रकान्यात कापूस, कपाशी यांच्यासोबत ‘पऱ्हाटी’ही लिहा, कारण आपली पोरं तेच टाइप करणार.

जुने वर्गांक, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार दिलेले अंक, बदलू नका. कुणी कोलन पद्धतीचा लावला असेल, कुणी ड्युई पद्धतीचा. जुना अंक वेगळ्या रकान्यात राहू द्या, जुन्या प्रबंधांत त्याचाच हवाला असतो. देणगीची पुस्तकं विषयवार पांगवू नका, एका ठिकाणी ठेवा. बारकोड जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवू नका, आम्लमुक्त कागदाच्या पट्टीवर लावून पट्टी आत ठेवा. आरएफआयडी (पुस्तकात बसवायची रेडिओ चिप) एवढ्याशा ग्रंथालयाला कशाला हवं, ते मला अजून कळलेलं नाही.

सागवानी आलमाऱ्या कशाला काढता? फक्त भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पावसाळ्यात भिंत पाझरली की पहिली झळ मागच्या रांगेला बसते, आणि वाळवीही त्याच बाजूने चढते. ई-वाचनकक्ष खुशाल करा, पण दुसऱ्या खोलीत. कुलर तर जुन्या कागदांच्या जवळपासही नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, माणसं कासावीस होतात हे मान्य. पण दिवसभर ओला वारा आणि रात्री कोरडी भट्टी, या ओढाताणीत कागद तुटतो आणि बुरशीही धरते. कार्डांचे खण मला विचाराल तर ठेवा. त्या कार्डांवर जुन्या ग्रंथपालांनी केलेल्या नोंदी असतात. जागाच नसेल तर रद्दीत घालण्याआधी पाठपोट फोटो काढून घ्या.

प्राध्यापक सरांना कामाला लावा. समासातलं अक्षर कुणाचं, हे त्यांनाच ओळखू येईल.

प्रश्न : आजोबांच्या महानुभाव पोथ्या घरी आहेत. काहींतलं अक्षर वाचताच येत नाही. लॅमिनेशन करून घेऊ का?
– एक वाचक, मोर्शी

उत्तर : अजिबात नको. ते प्लॅस्टिक एकदा गरम होऊन बसलं की कागद फाडल्याशिवाय निघत नाही. सेलोटेपही नको. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात बासन बांधा आणि लोखंडी पेटीत जमिनीपासून उंच ठेवा. खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय पानापानाचे फोटो काढा. न वाचता येणारं अक्षर सकळ लिपी असू शकतं, ती महानुभावांची सांकेतिक लिपी. रिद्धपूर तुमच्याच तालुक्यात आहे, तिथल्या जाणत्या महंतांना आधी फोटो दाखवा, पोथी नेऊ नका. पुढे एखाद्या ग्रंथालयाला द्यायची ठरली तर पानांची संख्या लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.