होडीच्या बाहेरच्या सागवानी पट्ट्यांना वार्निश लावावं की तेल? पावसाआधी की नंतर?

पावसाआधी वार्निश मुळीच नको. यावरून आमच्या घरात जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची होडी मालवणची. बाबा मे अखेरीस ती वर ओढायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत खडखडीत सुकवायचे आणि काजूच्या सालीचं तेल फडक्याने चोळायचे. काठाच्या पट्ट्यांच्या टोकांना आणि खिळ्यांच्या भोकांना तर ते तेल पुन्हा पुन्हा पाजायचे. आडव्या कापलेल्या टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. पाणी तिथूनच झपाट्याने आत शिरतं.

दादाला चकाकी हवी होती. त्याने फर्निचरच्या रंगाऱ्याला बोलावून पॉलियुरेथेन वार्निशचे हात मारून घेतले, तेही पट्ट्या न काढता, आणि होडी ताडपत्रीत घट्ट आवळून ठेवली. नारळी पौर्णिमेला सोडली तर खिळ्यांभोवती फोड आलेले. एक फोड नखाने उचलला, तर वीतभर पापुद्रा सुटून आला. खाली लाकूड काळं, ओलं. स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी फारशी वाढत नाही. लाकूड कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी आणि ताडपत्रीखाली कोंडलेला दमटपणा. दादा आजही रंगाऱ्याला दोष देतो. पण नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, एका पट्टीला रंगाऱ्याने हात लावला नव्हता, ती अजून बाबांच्या वेळचीच आहे. ताडपत्री तर तिच्यावरही तीच होती! म्हणजे ओल कोंडली ती वार्निशखालीच.

वार्निशच हवं असेल तर बोटीसाठीचं, ऊन सोसणारं घ्या. घरातल्या फर्निचरचं उन्हात तडकतं. पाऊस सरून हवा कोरडी झाली की दव उडाल्यावर कामाला लागा. सागाला स्वतःचं तेल असतं, ते आधी थिनरने पुसा. पहिला हात पातळ, मधे पॉलिश पेपर, असे सहा-सात हात. टोकं आणि भोकं सगळ्यात आधी. पुढे दरवर्षी एक-दोन हात चढवावेच लागतात. तेवढी चिकाटी नसेल तर तेलच बरं.

आणि हो, काजूच्या तेलाने लाकूड काळपट होतं आणि कातडी भाजते. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. कच्चं जवसाचं तेल कुणी सुचवलं तर ऐकू नका, कोकणच्या हवेत त्यावर बुरशी धरते.