सासूबाई ‘घरी सोड’ म्हणतात तेव्हा

तुमच्या सासूबाईंच्या स्मृतिभ्रंशाचे निदान नुकतेच झाले आहे, म्हणून सांगते. माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या आमच्या माजघरातच बसून ‘मला घरी सोड’ म्हणत आणि ‘हेच तुमचे घर’ असे मी वर्षभर समजावत राहिले, ही माझी चूक. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, बहुधा ताजे प्रसंग आधी पुसले जातात व जुने बराच काळ टिकतात, त्यामुळे ‘सकाळी काय खाल्लेत?’ असे विचारण्याऐवजी आमसुले वाळवण्याच्या दिवसांविषयी बोलावे. हातात रातांबा (ज्याच्या सालीची आमसुले होतात ते कोकमाचे फळ) दिला, की त्यांची बोटे आपोआप साल वेगळी करू लागत आणि मग शब्दही सुटत. समोर बसून एका वेळी एकच लहान वाक्य बोलावे व उत्तरासाठी थांबावे (हे थांबणेच सर्वांत जड जाते). गोंधळ 1-2 दिवसांत अचानक वाढला, तर मात्र डॉक्टरांकडून लघवीचा संसर्ग तपासून घ्यावा.